पिन बसली का रं?

होस्टेलमध्ये ‘पिन’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. सी-टाइप आहे का बारीक? संपादक मंडळाला मी ‘पिनेवर लिहितो’ म्हणालो तेव्हा त्यांनाही तसंच वाटलं. पण मी म्हणतोय ती पिन वीतभर लांब, अंगठ्यापेक्षा जाड, वंगणानं काळी झालेली. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली जोडायची ती. आमच्या बीड जिल्ह्यात प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याकडे ती असते, दसऱ्याला तिलाही हळदकुंकू लागतं, आणि चार्जरच्या पिनेसारखीच ती नेमकी ऐन वेळी सापडत नाही. मग काय... सळईचा तुकडा, जुना बोल्ट, जे हाताला लागेल ते भोकात घालायचं आणि निघायचं!

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पिनेवर दोन पानं? तर मेकॅनिकलवाल्यांनो, मशीन डिझाइनचं पहिलं युनिट आठवा. नकल जॉइंट. पिन डबल शिअरमध्ये आहे असं धरा, व्यास काढा, फॅक्टर ऑफ सेफ्टी घ्या, मार्क पदरात पडतात. आमची ट्रॉलीची जोडणी म्हणजे तोच नकल जॉइंट, जरा ओबडधोबड. फरक एवढाच की पुस्तकातल्या आकृतीत पिन आधीच बसलेली असते. ती कुणी बसवली, बसवताना तो कुठं उभा होता, त्याचे हात कुठं होते, हे कुठल्याच आकृतीत येत नाही. मला सांगायचंय ते त्या न काढलेल्या माणसाबद्दल.

तो माणूस ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे उभा असतो. ड्रायव्हर वर सीटवर, मान मागे वळवलेली, त्याला खालचा हुक दिसत नाही. खालचा माणूस ओरडतो, “येऊ द्या... येऊ द्या... थोडं डाव्या अंगाला... बास!” ट्रॉलीच्या दांडीखाली दगडांची रास रचलेली असते. दांडी हुकापेक्षा चार बोटं खाली असली तर तो एका हातानं ती उचलतो, पहार घालतो, आणि दुसऱ्या हातानं पिन भोकात सोडायला बघतो. भोकं जुळत नाहीत. मग बोट घालून चाचपायचं. वरून आवाज येतो, “बसली का रं?” आमच्या थोरल्या चुलत्यांची उजवी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंतच आहे. आम्ही लहानपणी विचारायचो तर म्हणायचे, “ट्रॉलीनं खाल्लं.” आम्हाला वाटायचं, ट्रॉलीला दात असतील!

बैलांच्या काळात हे असं नव्हतं, हे मी उगाच जुन्या काळाचं कौतुक म्हणून सांगत नाही. जू उचलून धरलं की शिकवलेला बैल आपण होऊन मान खाली घालतो. शिवळ अडकवली, जुपणी बांधली, झालं. आणि सोडायची सोय त्याहून हुशार. चालता चालता बैल पडला, अडकला तर शिवळ उपसायची किंवा जुपणीची गाठ ओढायची, बैल मोकळा. आपण ज्याला क्विक रिलीज म्हणतो ते आमच्या आज्याच्या गाडीला होतं, लाकडाचं आणि दोरीचं. ट्रॅक्टर आला, घोडे वाढले, आणि जोडणीच्या बाबतीत आपण मागे गेलो. बैल निदान मधल्या माणसाला ओळखत तरी होता.

आता ऊसतोडीकडे येतो, कारण पिनेचा सगळ्यात जास्त धंदा तिथंच. दसरा-दिवाळी झाली की आमच्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टीकडच्या वस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, आणि टोळी निघाली सांगली, कोल्हापूर, सोलापूर नाहीतर कर्नाटकात. टोळीबरोबर ट्रॅक्टर असतो, मागं एक नव्हे दोन ट्रॉल्या. फडातली जमीन मऊ, तिथून दोन भरलेल्या ट्रॉल्या एकदम ओढून निघत नाहीत. म्हणून एक ट्रॉली बाहेर काढायची, रस्त्याच्या कडेला सोडायची, परत जाऊन दुसरी आणायची आणि मग दोन्ही एकमेकींना जोडायच्या. कारखान्याच्या वजनकाट्यावर रांग, गव्हाणीपाशी रांग, रिकाम्या झाल्या की पुन्हा सोडणं-जोडणं. दिवसातून किती वेळा, आणि त्यातलं किती अंधारात, मोबाईलची बॅटरी तोंडात धरून, याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

एक साधा हिशोब मी केला. ट्रॅक्टर मागे घेताना अगदी हळू, ताशी २ किलोमीटरनं येतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला साधारण ५५ सेंटिमीटर. खालचा ओरडला, वरच्याला इंजिनच्या आवाजात ते ऐकू आलं, त्यानं क्लच-ब्रेक दाबला, याला पाऊण सेकंद तर लागतोच. तेवढ्यात ट्रॅक्टर ४० सेंटिमीटर मागे आलेला असतो. माणसाची छाती वीस-पंचवीस सेंटिमीटर जाड. म्हणजे ‘बास’ हा शब्द तोंडातून निघेपर्यंत उशीर झालेला असतो. ड्रायव्हर कितीही कसलेला असू द्या, हे गणित त्याच्या हातात नाही.

आमच्या वस्तीवरचा एक पोरगा, वय सतरा, टोळीवर ट्रॅक्टरचा हेल्पर म्हणून गेला होता. रात्री दुसरी ट्रॉली जोडताना उताराला लावलेला दगड निसटला आणि ट्रॉली पुढं सरकली. चार बरगड्या आणि खांदा. पोरगा वाचला. पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं तर दोन्ही हात लागतात. घरच्यांनी त्याच्या नावावर घेतलेली उचल तशीच फिटायची राहिली. सगळे म्हणाले, नशीब. मी तेव्हा फर्स्ट इयरला होतो. गावाकडून फोन आला तेव्हा माझ्यासमोर इंजिनिअरिंग मेकॅनिक्सचं पुस्तक उघडं होतं, आणि नशीब हा शब्द काही मला त्यात बसवता येईना.

पुढं लायब्ररीत रेल्वेवरचं वाचताना एक गोष्ट सापडली. अमेरिकेत रेल्वेचे डबे अगदी आमच्या ट्रॉलीसारखेच जोडायचे, एक कडी आणि एक पिन. डबा येऊन धडकायच्या बेतात असताना मधे उभं राहून कडी नीट धरायची आणि पिन टाकायची. तिथल्या ब्रेकमनची ओळखच अशी होती म्हणतात की हाताची बोटं किती शिल्लक आहेत ते बघा, नोकरी किती वर्षांची ते कळेल. १८७३ साली इलाय जॅनी नावाच्या माणसानं आपोआप अडकणाऱ्या कपलरचं पेटंट घेतलं. हा जॅनी इंजिनिअर नव्हता, दुकानात कारकुनी करायचा, आणि लाकूड तासून त्यानं नमुना बनवला होता. दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवा, जवळजवळ तसाच त्याचा आकार. डबे नुसते एकमेकांवर आले की जोडले जातात, मधे माणूस नको. आपल्या एलएचबी डब्यांना असतो तो कपलर याच घराण्यातला. (आमच्या बीडला रेल्वे यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला, त्यामुळे हा कपलर बघायला मला परळी गाठावी लागली होती, ते असो.)

पण गोष्ट इथं संपत नाही. पेटंट १८७३ चं, आणि सगळ्या रेल्वे कंपन्यांना असा कपलर लावायची सक्ती करणारा कायदा आला १८९३ ला. मधे वीस वर्षं! युक्ती माहीत होती, लोखंड होतं, कारखाने होते. मग अडलं कुठं? कपलर विकत घ्यायचा होता कंपनीला, आणि बोटं जायची ब्रेकमनची. ब्रेकमन स्वस्त होता. मला वाटतं आमच्या पिनेचंही हेच आहे. ट्रॉली घेतो एक, ओढतो दुसरा, आणि मधे उभा राहतो तिसराच. त्या तिसऱ्याला दुकानदार कधी विचारत नाही की बाबा, तुला हुक कसला पाहिजे?

ट्रॉली सोडून नांगर, रोटाव्हेटरकडे वळलं तर तिथली कथा थोडी वेगळी आहे, आणि तिचा नायक आयर्लंडचा. हॅरी फर्ग्युसन, शेतकऱ्याचा पोरगा. पहिल्या महायुद्धात १९१७ साली सरकारनं त्याला आयर्लंडभर ट्रॅक्टर कसे चाललेत ते बघायला पाठवलं. त्याच्या लक्षात आलं की ट्रॅक्टरमागे नांगर नुसता साखळीनं ओढला तर नांगर दगडाला अडकल्यावर ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि उलटा ड्रायव्हरच्या अंगावर येतो. माणसं मरत होती. त्यानं नांगर ट्रॅक्टरचाच अवयव केला. खाली दोन हात, वर एक, आणि तिन्हींना उचलणारं हायड्रॉलिक. १९२६ ला पेटंट मिळालं. हीच आपली थ्री-पॉइंट लिंकेज. गंमत बघा, नांगर अडकला की खालचे दोन हात ओढले जातात आणि वरची टॉप लिंक पुढं ढकलली जाते, त्यामुळे ट्रॅक्टरचं तोंड वर उचलायच्या ऐवजी खाली दाबलं जातं. ज्या जोरानं माणूस मरायचा तोच जोर त्यानं कामाला लावला. १९३८ ला फर्ग्युसननं हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला, १९३९ ला दोघांचा ट्रॅक्टर आला, आणि पुढं कोर्टात भांडून १९५२ ला साडेब्याण्णव लाख डॉलर वसूल केले. गावाकडे ज्याला आपण ‘मॅसी’ म्हणतो त्या नावाच्या मागचा अर्धा भाग हाच फर्ग्युसन.

आमच्याकडे मात्र लोक फर्ग्युसनच्या आधीच्या काळात परत जातात, तेही दर पावसाळ्यात. ट्रॉली चिखलात रुतली की साखळी सरळ वर, टॉप लिंकच्या कानाला बांधायची आणि रेस द्यायची. ओढ मागच्या आसाच्या वर गेली की पुढची चाकं उचलणारच, हे मोमेंटचं साधं गणित. त्याचे व्हिडिओ करून वर गाणं टाकतात आणि लाईक मिळवतात! साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच लावायची, एवढं जरी तुम्ही सुट्टीत गावी सांगितलंत तरी पुष्कळ.

थ्री-पॉइंटनं ट्रॅक्टर उलटायचा थांबवला, पण जोडणारा माणूस मधेच राहिला. पलटी नांगर तीनशे किलोच्या वरचा, तो हातानं सरकत नाही. ट्रॅक्टरच नेमक्या जागी आणावा लागतो. त्यात मापांचा घोळ. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे लहान ट्रॅक्टरच्या खालच्या हातांची पिन २२ मिलिमीटरची, त्यावरच्या गटाची २८ ची. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर या दोन गटांच्या सीमेवरचे. अवजार एका गटाचं, ट्रॅक्टर दुसऱ्या, मधला बुश कधीच हरवलेला. मग २८ च्या भोकात २२ ची पिन खडखडत राहते, झिजते, आणि एक दिवस रस्त्यावर तुटते. बुश काही फार महाग नसतो. आणि पिनेच्या टोकाला रिंगवाली खिटी असते तिच्या जागी तार किंवा खिळा दिसला तर समजा, हा ट्रॅक्टर आपल्या मागे-पुढे नको. जोडायचा क्रम तरी किती जणांना माहीत असतो? आधी डावा हात, कारण तो लांबीला ठरलेला. मग उजवा, त्याला वरखाली करायला हँडल असतं. शेवटी टॉप लिंक. सोडताना बरोबर उलटं.

पीटीओबद्दल लिहिलं नाही तर लेख अर्धाच. ट्रॅक्टरच्या मागचा तो फिरणारा दांडा, मळणी यंत्राला नि रोटाव्हेटरला ताकद देणारा. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. दांडा ३५ मिलिमीटरचा, म्हणजे परीघ ११ सेंटिमीटर. उपरण्याचं टोक अडकलं तर सेकंदाला मीटरभर कापड गुंडाळलं जातं. क्रॉसच्या फुगीर भागाला अडकलं तर त्याच्या तिप्पट. हात मागे घ्यायला वेळच नाही. मळणी यंत्रांनी इतके हात नेले की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांवर वेगळा कायदा करावा लागला. कंपनीकडून दांड्यावर प्लास्टिकची नळी येते. ती पहिल्या हंगामातच काढून फेकतात, कारण क्रॉसला ग्रीस मारायला ती आडवी येते. इथं मी शेतकऱ्याला नाही, नळी करणाऱ्यालाच नापास करीन. ग्रीस मारायला खिडकी ठेवली असती तर ती टिकली असती.

आणखी एक. “इंजिन बंद करून मगच शाफ्ट जोडा” असं प्रत्येक माहितीपुस्तकात असतं. कुणी करत नाही. का? मी आमच्याकडे विचारत हिंडलो. उत्तर जवळजवळ सगळीकडे एकच. बॅटरी बसलेली आहे. एकदा बंद केला तर सेल्फ घेणार नाही, मग धक्का मारायला चार माणसं कुठून आणायची? सोयाबीनच्या दिवसांत, वर पाऊस दाटलेला, मळणीवाला एका शेतातून दुसऱ्या शेतात रात्रीचा पळतोय, तो इंजिन बंद करत नाही. म्हणजे सुरक्षेच्या पोस्टरपेक्षा चांगली बॅटरी जास्त माणसं वाचवील. हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

मग जगात यावर उपाय नाहीत का? आहेत की, भरपूर. अवजारांसाठी ‘ए’ आकाराची चौकट. एक ट्रॅक्टरला, तिला जुळणारी दुसरी अवजाराला. ड्रायव्हर मागे येतो, हायड्रॉलिक उचलतो, एक दुसरीत बसते, खटका पडतो. खाली उतरायचं कामच नाही. फक्त चौकटीच्या जाडीमुळे अवजार तेवढं मागे जातं, उचलायची ताकद थोडी कमी होते आणि पीटीओ शाफ्टची लांबी पुन्हा तपासावी लागते. ट्रॉलीसाठी युरोपात नरसाळ्यासारख्या तोंडाचा हुक मिळतो. दांडीची कडी आत गेली की वरची पिन स्प्रिंगनं आपोआप खाली पडते. मी चुलत्यांना फोटो दाखवला. त्यांनी किंमत विचारली. मी सांगितली. ते हसले आणि म्हणाले, “तेवढ्यात दुसरी जुनी ट्रॉली येती.”

म्हणून मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आमच्यापुरतं केलं. आधी दगडांची रास हलवली. दांडीला हातानं फिरवायचा स्क्रू जॅक लावला, मोडक्या ट्रॉलीचा जुनाच. एवढ्यानंच अर्धं काम झालं, कारण दांडी नेमकी हुकाच्या उंचीला आणता येते, उचलावी लागत नाही. मग हुकाला नरसाळं. मी थेट वेल्डिंग मारायला निघालो होतो, पण निघण्याआधी आमच्या वर्कशॉपच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, हुकालाच वेल्डिंग नको, तिथं उष्णतेनं पोलाद ठिसूळ होतं आणि सगळा भार तिथंच येतो. म्हणून दोन पट्ट्या ‘व्ही’ आकारात वाकवून ड्रॉबारच्या जुन्याच भोकांत बोल्टनं बसवल्या. ट्रॅक्टर चार बोटं इकडंतिकडं आला तरी कडी घसरत मधे येते. पिनेला वर मूठ, खाली खिटी, आणि दोन्ही साखळीनं ट्रॅक्टरला बांधलेल्या, म्हणजे हरवायचा प्रश्न मिटला. शिवाय ट्रॉली आणि ट्रॅक्टरमधे एक जादा साखळी, पिन तुटलीच तर.

याचा खरा फायदा वेगळाच निघाला. भोकं आपोआप जुळायला लागली तशी खाली उभ्या राहणाऱ्या माणसाची गरजच उरली नाही. ड्रायव्हर मागे येतो, कडी बसली की गिअर काढतो, हँडब्रेक ओढतो, चाकाला दगड लावतो आणि स्वतः उतरून पिन टाकतो. पिन ज्याची, ट्रॅक्टर त्याचाच. पूर्वी दोघांना सहा-सात मिनिटं लागायची, कधी दहा. आता एकट्याला तीन. चुलत्यांना पटलं ते या तीन मिनिटांमुळे, बोटामुळे नाही. त्याला माझी काही हरकत नाही!

आमच्या वस्तीवर अशी तीन नरसाळी बसली आहेत. टोळीच्या ट्रॅक्टरवर अजून एकही नाही. दोन ट्रॉल्यांच्या मधे लावायचं तर मागच्या ट्रॉलीला ती पुढच्या ट्रॉलीसमोर आणायची, आणि पुढच्या ट्रॉलीला मागे घेताना ती वाकडी जाते, नरसाळ्याचं तोंड कितीही रुंद केलं तरी पुरत नाही. दुसरी अडचण आपोआप पडणाऱ्या पिनेची. आम्ही जुन्या क्लचची स्प्रिंग लावून बघितली, शेडमध्ये झकास चालली, पण उसाचं पाचट आणि चिखल आत गेला की पिन अर्ध्यावर अडकते. वरून बसल्यासारखी दिसते आणि बसलेली नसते, हे तर आधीपेक्षा वाईट. म्हणून ती काढून टाकली. पिन पूर्ण खाली गेली का हे सीटवरून, रात्री, चिखल माखलेला असताना कसं दिसावं, यावर मी अडकलोय. सेन्सर वगैरे सांगू नका, तिथं वायर टिकत नाही. लोखंडातलंच काही सुचत असेल तर रात्री मेसमध्ये भेटा, मी दुसऱ्या बॅचला जेवतो.